गाडीला किंमत आली, मिस्त्रीला कधी?

जुन्या मोटारसायकलींना आज सोन्याचे दिवस आले आहेत. ज्या जावा, येझदी आणि राजदूत गाड्या भंगारवाला किलोच्या भावाने उचलून नेत होता, त्याच गाड्या आज शौकीन मंडळी हवी ती किंमत देऊन विकत घेत आहेत. रविवारी सकाळी त्यांचे ताफे निघतात. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात. फोटोत चकचकीत गाडी असते, गाडीचा मालक असतो, कधी झेंडी दाखवायला आलेला पुढारीही असतो. फक्त एक माणूस नसतो. वर्षानुवर्षे बंद पडलेली ती गाडी ज्याने चालू केली तो मिस्त्री कुठे असतो? हा प्रश्न कोणी विचारीत नाही. म्हणूनच तो आज येथे विचारायचा आहे.

कोणी म्हणेल, समाजापुढे शिष्यवृत्तीचा, नोकऱ्यांच्या अनुशेषाचा, अत्याचाराचा प्रश्न उभा असताना चळवळीच्या दैनिकात मोटारसायकलीच्या पार्टची चर्चा कशाला? हे रिकामटेकड्यांचे चोचले आपल्याला काय कामाचे? वाचकांनी थोडा धीर धरावा. पार्ट हा लोखंडाचा तुकडा असला तरी तो कोण बनवतो, त्याला काय मोबदला मिळतो आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक असते, हा प्रश्न शुद्ध सामाजिक आहे.

आमच्या घरी १९७४ सालची राजदूत आहे. वडील पोस्टात नोकरीला होते. त्यांनी ती १९८३ साली एका दूधवाल्याकडून सेकंडहँड घेतली. इंदोऱ्यात त्या काळी आमच्या ओळीत मोटारसायकल असलेली घरे बोटावर मोजण्याइतकी होती. त्यामुळे ती गाडी घरची कमी आणि वस्तीची जास्त झाली. रात्री-बेरात्री बाळंतिणीला मेयोत न्यायचे असो, खेड्यातल्या सभेला वक्ता पोहोचवायचा असो, की धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर भोजनदानाचे पोते न्यायचे असो, लोक हक्काने दाराशी येत. नामांतराच्या लढ्यात याच गाडीच्या टाकीवर पत्रकांचे गठ्ठे ठेवून वडील कामठीपासून मौद्यापर्यंत फिरले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा वस्तीतल्या पोरांनी त्या गाडीलाच हार घातला होता. वडील गेले. गाडी राहिली. ती विकण्याचा विचार मनाला कधी शिवला नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची किक गेली. पाय मारला की दांडा सरळ खाली जायचा आणि इंजिन फिरायचेच नाही. किकच्या शाफ्टवरचे दाते झिजून गोल झाले होते. तळहाताएवढा लांब तो तुकडा. पण त्याच्यावाचून एवढ्या जड गाडीला रोज धक्का मारावा लागे. तो तुकडा शोधायला निघालो आणि गेली पन्नास-साठ वर्षे आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपल्याला न दिसलेली एक दुनिया मला दिसली.

आधी हे पार्ट दुर्मिळ का झाले ते समजून घेतले पाहिजे. राजदूत ही एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी. पोलंडमधील एसएचएल या मोटारसायकलीवरून ती १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतात बनू लागली. १७५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, साधी बांधणी आणि ओझे वाहण्याची ताकद. म्हणून दूधवाला, ग्रामसेवक, शिक्षक यांची ती गाडी झाली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात राजदूतचे छोटे रूप दिसले आणि शहरी तरुणही तिच्या नादी लागले. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ती १९६१ पासून बाहेर पडू लागली आणि १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. यामाहाची आरएक्स-१०० ही १९८५ साली आली आणि १९९६ साली थांबली. राजदूतही या शतकाच्या पहिल्या दशकात इतिहासजमा झाली. बुलेट मात्र वाचली. तिची इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० साली बंद झाली, पण १९५५ पासून मद्रासला सुरू झालेला कारखाना चालूच राहिला. म्हणून बुलेटचे पार्ट आजही मिळतात. त्यातही २०१० च्या सुमारास जुने बिडाचे इंजिन जाऊन नवे आल्याने जुन्या बुलेटवाल्यांचीही आता दमछाक होते.

२०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, २०२२ साली येझदीही आली. अनेकांना वाटले, आता पार्टचा प्रश्न सुटला. पण नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा एक पिस्टनही तिच्याशी जुळत नाही. नाव परत आले, पार्ट परत आले नाहीत. भांडवलाला नावाची किंमत कळते. त्या नावाची जुनी गाडी आजही ज्याच्या घरात आहे, त्याच्या गरजेशी भांडवलाला कर्तव्य नसते.

आता शोधाची गोष्ट. पहिल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर काउंटरवरचा पोरगा हसला. “काका, राजदूत आता कोण चालवते?” दुसऱ्या दुकानदाराने निदान जुने कॅटलॉग तरी काढले, पण माल नव्हता. मग बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला फोन लावला. पैसे आगाऊ घेतले आणि आठ दिवसांनी पार्सल आले. शाफ्ट नवा कोरा, चांदीसारखा चमकणारा. बसवला, गाडी एका किकमध्ये चालू झाली, घरात पेढे वाटले. दोन महिन्यांत त्याचेही दाते गोल झाले! वरून चकाकी होती, आत लोखंड कच्चे होते. जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाने ही फसवणूक एकदा तरी भोगलेली असते. मूळ कंपनीचा डबा, मूळ कंपनीचा शिक्का, सगळे हुबेहूब आणि आतला माल नकली.

त्यानंतर भंगार पालथे घातले. भंगारात माल असतो, पण तेथे डोळे उघडे ठेवावे लागतात. चोरीची गाडी फोडून विकलेला माल कोणता आणि मालकाने रीतसर मोडीत काढलेल्या गाडीचा कोणता, हे वरून ओळखू येत नाही. म्हणून आपल्या तरुणांना स्पष्ट सांगतो, ज्या केसिंगवर इंजिन नंबर आहे आणि ज्या सांगाड्यावर चेसिस नंबर आहे, तो भाग कागदपत्राशिवाय फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर येतो. पोलीस ठाण्यात आपली जात आणि आपली वस्ती पाहून प्रश्न विचारले जातात, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

शोधात एक गोष्ट मात्र कामी आली. पूर्वी तालुक्याच्या गावीसुद्धा या गाड्यांचे विक्रेते असत. कंपनी गेली, विक्रेत्याने धंदा बदलला, पण मागच्या खोलीत न विकलेला माल तसाच पडून राहिला. भंडारा जिल्ह्यातल्या अशा एका बंद दुकानाचा पत्ता लागला. तेथे आज खताची पोती विकतात. म्हाताऱ्या मालकाने माळ्यावरची पेटी काढून दिली. ग्रीस लावून तेलकट कागदात गुंडाळलेले पार्ट होते. ब्रेक शू मिळाले, क्लचच्या प्लेटा मिळाल्या, कार्बोरेटरची सुई मिळाली. किकचा शाफ्ट मात्र नव्हता. ज्यांना पार्ट हवे आहेत त्यांनी महानगरांतल्या बाजारांत पैसे उधळण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या अशा जुन्या खोल्या शोधाव्यात, एवढे मी अनुभवाने सांगेन.

शेवटी वडिलांच्या एका जुन्या स्नेह्याने कामठी रोडवरच्या एका गॅरेजचे नाव सांगितले. गॅरेज कसले, दहा बाय बाराची टिनाची खोली. आत एक जुनी लेथ मशीन, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी ताजुद्दीन बाबांचे कॅलेंडर. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. आयुष्याची उमेदीची वर्षे त्यांनी एम्प्रेस मिलमध्ये फिटर म्हणून काढली. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही मिल नागपूरच्या श्रमिकांची आई होती. आपल्या समाजातील हजारो माणसे तिच्या भोंग्यावर उठली आणि झोपली. २००२ साली ती कायमची बंद झाली, तेव्हा या माणसाच्या हातात उरले ते हातातले कौशल्य. लेथ सेकंडहँड घेतली आणि टिनाच्या खोलीत दुसरा जन्म सुरू केला. त्यांच्या जोडीला मोमिनपुऱ्यातला एक मुसलमान तरुण आहे, तो वेल्डिंग करतो. दोघे एकाच डब्यात जेवतात.

मी झिजलेला शाफ्ट पुढे ठेवला आणि म्हणालो, “काका, राजदूतचा आहे.” ते म्हणाले, “नावावर नको जाऊ बेटा, मापावर जा. राजदूतचा का बुलेटचा, लोखंडाले काय मालूम?”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्या समाजात माणसाला आधी आडनाव विचारतात, तेथे हा म्हातारा कारागीर लोखंडालासुद्धा नाव विचारीत नव्हता, माप विचारीत होता.

मग त्यांनी मला जे शिकवले ते येथे मुद्दाम लिहितो, कारण हे ज्ञान कोणत्या पुस्तकात मराठीत सापडत नाही. पहिली गोष्ट बेअरिंगची. जुन्या गाडीचे बेअरिंग मिळत नाही म्हणून लोक रडतात. पण बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि जाडी १४. ६२०५ म्हणजे २५, ५२ आणि १५. हा आकडा साऱ्या जगात एकच. ते बेअरिंग पाण्याच्या मोटारीचे असो की पिठाच्या चक्कीचे, आकडा तोच असला तर माप तेच. फक्त फिरण्याचा वेग आणि आतली ढिलाई पाहून घ्यायची. ऑइल सीलचेही तसेच. तीन मापे लिहून नेली की गाडीचे नाव सांगण्याचीही गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट पिस्टनची. पिस्टन लेथवर घरगुती बनत नाही. तो खास ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि दिसायला गोल असला तरी पुरता गोल नसतो. तापल्यावर फुगून तो गोल होतो. म्हणून येथे बनवाबनवी चालत नाही, जुळणी चालते. दुसऱ्या कोणत्या तरी गाडीचा पिस्टन शोधायचा, पण त्याचा व्यास, पिनचा व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची अशी तीन मापे जुळली पाहिजेत. टू-स्ट्रोक गाडीत आणखी एक अट असते. रिंगची फट जागेवर धरून ठेवणारी छोटी खुंटी पिस्टनच्या खाचेत असते. ती खुंटी चुकीच्या जागी आली तर रिंगचे टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकते आणि इंजिन फुटते. सिलिंडर झिजला की तो पाव-पाव मिलिमीटरने मोठा करून मोठा पिस्टन घालतात. राजदूतचा मूळ व्यास ६१ मिलिमीटर. वाढवून वाढवून भिंत पातळ झाली की आत नवी स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापावर यायचे. शेवट म्हणून काही नसते, हात हुशार पाहिजे.

तिसरी गोष्ट माझ्या शाफ्टची. त्यांनी झिजलेले दाते मोजलेच नाहीत. म्हणाले, “झिजलेली जागा खोटं बोलते.” शाफ्टच्या ज्या भागाला कधी घासणे लागले नव्हते तेथे त्यांनी मायक्रोमीटर लावला आणि तेथून मूळ माप काढले. इतवारीच्या लोहाओळीतून चांगल्या पोलादाचा दांडा आणायला मला पाठवले. लेथवर तो उतरवला. दाते पाडायला दुसऱ्याकडच्या मिलिंग मशीनवर नेला, कारण वर्तुळाचे सारखे भाग पाडणारे साधन त्यांच्याकडे नाही. मग हिंगणा एमआयडीसीत पाठवून त्याला पाणी दिले. पाणी देणे म्हणजे पोलाद ठरावीक तापमानाला लाल करून एकदम थंड करणे. त्यामुळे ते कडक होते. पण पुरते कडक ठेवले तर काचेसारखे तुटते, म्हणून पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पार्सलने आलेल्या त्या चमकदार शाफ्टला हेच पाणी दिलेले नव्हते. चकाकी होती, पाणी नव्हते!

चार दिवसांनी शाफ्ट बसला. तीन वर्षे झाली, एक दाता झिजला नाही. मजुरी किती घेतली? मिलिंगचे आणि पाणी देण्याचे पैसे वजा जाता स्वतःसाठी अवघे तीनशे रुपये. नकली शाफ्टला मी याच्या चौपट मोजले होते.

येथे माझा मूळ प्रश्न उभा राहतो. जुनी गाडी वारसा ठरली, तिची किंमत वाढली. मग ती जिवंत ठेवणारे ज्ञान वारसा का ठरले नाही? उत्तर आपल्याला ठाऊक आहे. या देशात हाताने काम करणारा खालचा आणि हाताला काही न लागू देणारा वरचा, अशी उतरंड हजारो वर्षे रचली गेली. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. श्रम वाटले गेले असते तर गोष्ट वेगळी होती. येथे माणसे वाटली गेली आणि एकेका कप्प्यात बंद केली गेली.

आणि लक्षात घ्या, यंत्राचा कप्पा आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथेच ठणकावून सांगितले. ते सर्वांना आठवते. पण त्याच भाषणात त्यांनी कामाच्या जागेवरील जातिभेदाचा पाढा वाचला, तो आपण विसरतो. कापड गिरण्यांत विणकाम खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. रेल्वेत त्याला गँगमन म्हणून राबवत. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तो हमाल होता, मेकॅनिक किंवा फोरमन म्हणून त्याला जवळपास जागाच नव्हती. म्हणजे हातोडा उचलायला आपण चाललो, पण मायक्रोमीटर हातात घ्यायला चाललो नाही.

१९४२ साली, ज्या वर्षी नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची उभारणी झाली, त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यात उच्च विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, तशीच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या तरुणांना शिकाऊ म्हणून घेण्याची मागणीही होती. जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकलेला हा महापुरुष आपल्या पोरांसाठी वर्कशॉपचे दार ठोठावत होता. त्यांना यंत्रावरचे काम हलके वाटले नाही. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि १९७३ साली त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. आपल्या बापजाद्यांनी मिल, रेल्वे आणि आयुध निर्माणीत जे कौशल्य मिळवले, त्याच्या मागे एवढा मोठा संघर्ष आहे.

आणि आपण काय केले? येथे थोडे कडू बोलले पाहिजे. मिस्त्रीकाकांना मी विचारले, “तुमच्या घरात कोणी शिकले का हे काम?” ते म्हणाले, “पोरगा बँकेत लागला. नातवाले म्हणलं, येत जा. त्याची माय म्हणते, काळे हात करून काय भेटते?” नातू बँकेत जावो, कलेक्टर होवो, आनंदच आहे. पण काळ्या हातांची लाज कशासाठी? गावकीची कामे सोडा, मेलेली ढोरे ओढू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले. ते काम जातीने लादलेले होते. त्याला निवड नव्हती, मोबदला नव्हता, मान नव्हता. यंत्राचे काम याच्या नेमके उलट आहे. ते आपल्याला नाकारलेले होते आणि आपण ते लढून मिळवले. लादलेले काम सोडणे ही मुक्ती आहे. लढून मिळवलेले कौशल्य लाजेपोटी फेकून देणे ही मुक्ती नव्हे. ग्रीसचा डाग आणि जातीचा डाग यांत फरक करायला आपण शिकलो नाही, म्हणून तेलाचे हात दिसले की आपणही त्याच जुन्या उतरंडीच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

सरकारी धोरणही याच डोळ्यांनी पाहते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेले, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा नोंदणीला पाच हजार. असे वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीसाठी आणता येते. वारसा जपण्याला माझा विरोध नाही. पण आमच्या राजदूतच्या पोटात दुसऱ्या गाडीचा पिस्टन आहे, लेथवरचा शाफ्ट आहे, आणि ती आजही बाजारातून भाजी आणते. जी गाडी काचेच्या खोलीत उभी राहिली ती वारसा आणि जी पन्नास वर्षे माणसांच्या कामी आली ती नुसती जुनी! तिच्या वाट्याला नोंदणीचा वाढता खर्च येतो. पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून एक हजार रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील दुचाकीसाठी ती दोन हजार करण्यात आली. धूर कमी झाला पाहिजे हे मान्य. पण ज्याची नवी गाडी घेण्याची ऐपत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर त्या अधिसूचनेत नाही.

त्यात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि जुन्या काळचे रबर फुगते किंवा चिरते. पेट्रोलची नळी, कॉकचा वॉशर, कार्बोरेटरचे सील हे भाग यापुढे लवकर जातील. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे, आणि रबरी भाग आता मिळणाऱ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घ्यावेत. म्हणजे पार्टची गरज वाढणार आहे. आणि पार्ट बनवणारे हात मात्र म्हातारे होत आहेत.

मग करायचे काय? नुसते रडून चालणार नाही. पहिले काम, माप-वही लिहा. प्रत्येक मिस्त्रीच्या डोक्यात शेकडो मापे आहेत. कोणत्या गाडीला कोणते बेअरिंग, कोणता पिस्टन कोणाला जुळतो, कोणत्या भागाला कोणते पोलाद. तो गेला की हे ग्रंथालय जळाले असे समजा. आपल्या पोरांनी वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसावे, भाग कागदावर ठेवून आराखडा काढावा, तीन-तीन मापे लिहावीत, फोटो काढावेत. बुद्धविहारातील अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी ही वही ठेवायला काय हरकत आहे?

दुसरे, प्रमाणपत्र. काम येते पण कागद नाही, अशा कारागिरांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. आपल्या कर्मचारी संघटनांनी वस्तीतल्या मिस्त्र्यांना तेथपर्यंत नेले पाहिजे. या कागदाने त्यांच्या हाताला नवी अक्कल येणार नाही, ती आहेच. पण बँकेच्या कर्जासाठी आणि आयटीआयमध्ये पाहुणा शिक्षक म्हणून उभे राहण्यासाठी कागद लागतो.

तिसरे, टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे आयटीआयचे ट्रेड घेणाऱ्या आपल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस अशा गॅरेजात पाठवा. आयटीआयमध्ये नवा दांडा दिलेल्या मापाला उतरवायला शिकवतात. झिजलेल्या तुकड्यावरून हरवलेले माप काढायला गॅरेजच शिकवते. जो हे शिकला तो जुन्या मोटारसायकलीपुरता राहत नाही. पिठाची चक्की, शेतीचा पंप, छापखान्याचे यंत्र, सगळीकडे त्याला काम आहे.

चौथे काम गाडीच्या मालकांचे, त्यात मीही आलो. मजुरीत घासाघीस बंद करा. ज्या शाफ्टवर आपली गाडी दहा वर्षे चालणार आहे, त्याचे तीनशे रुपये देताना माझा हात खिशात थोडा अडखळला होता. त्याची मला आज लाज वाटते. मी नंतर जाऊन योग्य ती रक्कम दिली, तर काका घेईनात. शेवटी त्या वेल्डिंगवाल्या पोराने ती घेऊन लेथच्या नव्या टूलसाठी डब्यात टाकली. रॅलीत गाडी नेणार असाल तर मिस्त्रीलाही घेऊन जा. फोटोत तोही उभा राहू द्या, खाली त्याचेही नाव छापून येऊ द्या.

मागच्या महिन्यात मी काकांकडे माप-वही घेऊन गेलो. पहिल्या पानावर राजदूतच्या किकच्या शाफ्टचा आराखडा आहे. सांगताना ते दर मापाला थांबत, पुन्हा मायक्रोमीटर लावून पाहत, चुकीचे लिहिले तर खोडायला लावत. वहीच्या वर मी त्यांचे नाव लिहिले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मिलमध्ये पस्तीस वर्षं केलं बेटा, नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.”

आतापर्यंत त्या वहीत अकरा पाने झाली आहेत. दर रविवारी दोन तास बसतो. काकांची नजर कमी होत चालली आहे, म्हणून घाई आहे. इंदोरा, कामठी, जरीपटका, पाचपावली, जेथे जेथे असे हात आहेत, तेथे एकेक वही सुरू झाली पाहिजे. वाचकांनी आपल्या वस्तीतल्या मिस्त्रीकडे या रविवारी एक चक्कर टाकावी. गाडी बिघडलेली नसली तरी चालेल.